शालेय ग्रंथपाल : कपाटाच्या किल्लीपलीकडे

बेंगळुरू शहराची ख्याती आज संगणकनगरी म्हणून आहे. परंतु ज्ञानाची मांडणी कशी करावी आणि ते जिज्ञासूच्या हाती वेळेवर कसे पोहोचवावे, या प्रश्नाचा ध्यास या शहराने संगणकयुगाच्या पुष्कळ आधी घेतला होता. १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाखाली येथे 'डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर' ही संस्था सुरू झाली. तिचे प्रवर्तक होते डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. १९५७ पासून त्यांनी बेंगळुरूला आपली कर्मभूमी मानले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी याच शहरात त्यांचा देह विसावला. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस देशभर 'ग्रंथपाल दिन' म्हणून पाळला जातो.

रंगनाथन यांचे नाव निघाले की द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीचा उल्लेख होतो, विद्यापीठीय ग्रंथालयांचा उल्लेख होतो. मात्र हे गृहस्थ मुळात शिक्षक होते, आणि शाळेतील ग्रंथालय हा त्यांच्या चिंतनाचा अखेरपर्यंत जिव्हाळ्याचा विषय होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने गतकाळाकडे पाहताना इमारती, निकाल, क्रीडांगण आणि गुरुजन यांची आठवण होते. ग्रंथालयाची आठवण झालीच, तर ती बहुधा काचेच्या कपाटाची होते. त्या कपाटाशेजारी उभ्या असलेल्या, किंवा उभ्या असायला हव्या होत्या, त्या व्यक्तीचा इतिहास म्हणजेच शालेय ग्रंथपालाचा इतिहास. पुस्तके देणाऱ्यांची आपल्या देशात कधीच वाण पडली नाही. ती मुलांच्या हाती देणारा माणूस मात्र वारंवार विसरला गेला, हेच या इतिहासाचे सार आहे.

बडोद्याचा वस्तुपाठ

मराठी मुलखात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पुणे आणि बेळगाव येथील वाचनालये १८४८ सालची. परंतु ही वाचनालये प्रौढ, सुशिक्षित आणि वर्गणी भरू शकणाऱ्या नागरिकांची होती. शाळकरी मुलाला तेथे प्रवेश असलाच, तर तो वडीलधाऱ्यांचे पुस्तक परत करण्यापुरता.

शाळा आणि ग्रंथालय यांचे नाते प्रथम राज्यकारभाराच्या पातळीवर ओळखले ते एका मराठी राजाने. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यापाठोपाठ त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. चार-पाच वर्षे शाळेत बसून अक्षरओळख झालेले मूल शाळा सुटल्यावर वाचणार काय? गावात पुस्तकच नसेल, तर शिकलेले अक्षर काही वर्षांत पुसले जाईल आणि शाळेवरचा सारा खर्च वाया जाईल. ग्रंथालय हा शिक्षणाचाच उत्तरार्ध आहे, हे महाराजांनी या प्रश्नातून जाणले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालांना बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी आपल्या राजवाड्यातील खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ दिले. मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. १९१२ साली 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघाले. इंग्रजी आणि गुजरातीबरोबर त्यात मराठीलाही स्थान होते.

या सर्वांत विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. बॉर्डन यांनी बडोद्यात पाऊल ठेवल्यानंतर १९११ साली ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. पुस्तके, इमारत आणि पेट्या यांच्या जोडीने माणसे घडवण्याची तजवीज त्यांनी पहिल्याच टप्प्यात केली. पेटी गावात पोहोचली, तरी ती उघडून कोणते पुस्तक कोणाला द्यावे हे जाणणारा कोणी नसेल, तर ती पेटीच राहते, हे बडोद्याला ठाऊक होते.

गणिताच्या प्राध्यापकाचे ग्रंथपाल होणे

बडोद्याचा हा प्रयोग भरात असताना दक्षिणेत एक तरुण गणिताचे अध्यापन करीत होता. रंगनाथन यांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून गणितात एम. ए. केले, शिक्षकी पेशाची पदवीही घेतली आणि १९१७ पासून मंगळुरू, कोइमतूर व पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पगार अधिक होता, परंतु काही दिवसांतच त्यांचा जीव त्या निर्जन दालनात घुसमटू लागला. समोर विद्यार्थी नाहीत, प्रश्न नाहीत, संवाद नाही. आपल्याला परत अध्यापनाकडे जाऊ द्यावे, अशी गळ त्यांनी आपल्या जुन्या प्राचार्यांना घातली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घ्यावे आणि परतल्यावरही कंटाळा कायम असेल तर मग पाहू, अशी त्यांची समजूत घालण्यात आली.

लंडनमध्ये त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि मुलांची ग्रंथालये हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये रंगनाथन यांनी हिंडून पाहिली. तेथे त्यांना दिसले, की ग्रंथालय म्हणजे शांततेचे कोठार नव्हे. कामगार, गृहिणी, शाळकरी मुले यांची तेथे ये-जा आहे आणि ग्रंथपाल त्यांच्याशी बोलत आहे. सोडून आलेला वर्ग त्यांना अशा रीतीने ग्रंथालयात पुन्हा सापडला. १९२५ साली ते परतले आणि अध्यापनाकडे परत जाण्याची भाषा त्यांनी पुन्हा कधी केली नाही. कारण आपण अध्यापन सोडलेलेच नाही, अशी त्यांची खात्री पटली होती.

ग्रंथालयशास्त्राची त्यांची सुप्रसिद्ध पंचसूत्रे १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या सूत्रांच्या जन्मकथेत दोन शैक्षणिक योगायोग आहेत. अनेक वर्षे मनात घोळत असलेल्या विचाराला १९२८ साली नेमके शब्दरूप देण्यास त्यांना साहाय्य केले ते त्यांचे गणिताचे जुने अध्यापक प्रा. एडवर्ड रॉस यांनी. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे पहिले सूत्र रॉस यांच्या सहज उद्गारातून उमटले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही सूत्रे प्रथम जाहीरपणे मांडली गेली ती चिदंबरम येथील शिक्षण परिषदेत, शिक्षकांसमोर. ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारा विचार ग्रंथपालांच्या आधी शिक्षकांनी ऐकला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

पाच सूत्रे आणि एक शाळा

ही पाच सूत्रे शाळेच्या आवारात आणून पाहिली म्हणजे त्यांचा खरा अर्थ उलगडतो.

पुस्तके उपयोगासाठी आहेत, हे पहिले सूत्र वाचायला अगदी साधे. पण अनेक शाळांतील कारभार नेमका याच्या उलट चालत आला आहे. पुस्तक हरवले तर भरपाई कोण देणार, या भीतीने कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली कार्यालयाच्या खणात जाते. वर्षअखेरीस दाखल नोंदवहीतील आकडे आणि कपाटातील पुस्तके जुळली, की ग्रंथालय उत्तम चालले असा निष्कर्ष निघतो. न वापरलेले पुस्तक सुरक्षित असते, आणि निरुपयोगीही. कुलूप काढून मुलांना कपाटापाशी मोकळेपणाने वावरू देणारी मुक्तद्वार पद्धत रंगनाथन यांनी आग्रहाने मांडली, ती याच कारणासाठी.

प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही दुसरी आणि तिसरी सूत्रे. वर्गातील शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांना एकच धडा एकाच गतीने शिकवावा लागतो. ही त्याची उणीव नसून वर्गपद्धतीची मर्यादा आहे. ग्रंथालयात मात्र प्रत्येक मूल वेगळे असते. सातवीतल्या एका मुलाला ग्रहताऱ्यांचे वेड असते, दुसऱ्याला दोन ओळी वाचतानाही धाप लागते, तिसरी मुलगी शाळेतले सारे कथासंग्रह संपवून आता काय, असे विचारत येते. या तिघांसाठी तीन निराळी पुस्तके काढून देणे म्हणजे त्या तिघांना तीन निराळे धडे शिकवणेच होय. रंगनाथन यांनी शालेय ग्रंथालयाचे समर्थन केले ते मुलामुलांतील या वैयक्तिक भेदाच्या आधारावर. १९४२ साली त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि नव्या शिक्षणातील शालेय ग्रंथालयाच्या स्थानावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९७३ साली प्रसिद्ध झाला.

वाचकाचा वेळ वाचवावा, हे चौथे सूत्र. वर्गीकरण, तालिका, पाठीवरील क्रमांक हा सारा खटाटोप त्यासाठी असतो. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे, हे पाचवे सूत्र. जीवमात्राप्रमाणे ग्रंथालयालाही नवे ग्रहण करावे लागते आणि जीर्ण झालेले टाकावे लागते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शिका आणि कालबाह्य झालेली सामान्यज्ञानाची पुस्तके यांनी भरलेले कपाट आकड्यांत मोठे दिसते. वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ते रिकामेच असते.

ग्रंथपाल शिकवतो म्हणजे काय करतो

ग्रंथपालाचे काम पुस्तके देणे-घेणे एवढेच, असा समज असल्याने त्याच्या अध्यापनाचे स्वरूप सहसा ध्यानात येत नाही. एका उदाहरणाने ते स्पष्ट व्हावे.

समजा, बेंगळुरूच्या एखाद्या शाळेत शहरातील तलावांविषयी प्रकल्प दिला आहे. भ्रमणध्वनीवर शोध घेऊन पहिल्या पानावरचा मजकूर उतरवून काढणे ही आजची रीत. परंतु त्याच विद्यार्थ्याने ग्रंथालयात येऊन विचारले, तर जाणता ग्रंथपाल उत्तर सांगत नाही. आधी तो प्रश्नाची उकल करवून घेतो. तलाव केव्हा बांधले, ते पाहायचे आहे, की ते का नाहीसे झाले, ते? मग तो शहराचा जुना आणि नवा असे दोन नकाशे शेजारी-शेजारी मांडतो. आज जेथे केंपेगौडा बसस्थानक आहे, तेथे पूर्वी धर्मांबुधी हा तलाव होता, हे मुलाला स्वतःच्या बोटाने नकाशावर सापडते. पुढे म्हैसूर संस्थानचे गॅझेटियर, मराठी विश्वकोशातील नोंद, कन्नडमधील एखादे स्थानिक इतिहासाचे पुस्तक आणि वर्तमानपत्रांची कात्रणे समोर येतात. दोन ठिकाणी दोन निराळी वर्षे दिलेली आढळतात. यांपैकी कोणते खरे मानायचे, आणि कशावरून? येथे खऱ्या शिक्षणाला आरंभ होतो.

अनुक्रमणिका आणि सूची यांतील फरक, कोशात शब्द शोधण्याची रीत, लेखक कोण आणि त्याने हे केव्हा लिहिले हे पाहण्याची सवय, दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून न खपवण्याचा प्रामाणिकपणा, या गोष्टी कोणत्याही एका विषयाच्या पाठ्यपुस्तकात बसत नाहीत. त्या सर्व विषयांना लागतात. ज्या काळात माहिती दुर्मीळ होती, त्या काळात ग्रंथपाल माहितीपर्यंत नेत असे. आज माहितीचा महापूर आला असताना तिच्यातील गाळ ओळखायला शिकवणे, हे त्याचे काम झाले आहे. भूमिका बदलली आहे, गरज मात्र वाढलीच आहे.

याखेरीज ग्रंथपाल शिक्षकांचाही सहकारी असतो. पुढील महिन्यात आठवीला स्वातंत्र्यलढा शिकवायचा आहे, हे त्याला आधी कळले, तर त्या विषयावरील चरित्रे, पत्रसंग्रह आणि छायाचित्रांची पुस्तके तो वर्गात पोहोचवू शकतो. वाचनाच्या तासिकेला कथाकथन, पुस्तकपरिचय, हस्तलिखित अंक यांची जोड देऊ शकतो. अमेरिकेत १९०० साली मेरी किंग्सबरी यांची ब्रुकलिनमधील इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये नेमणूक झाली. प्रशिक्षित व्यावसायिक शालेय ग्रंथपालांच्या परंपरेचा आरंभ त्यांच्यापासून मानला जातो. पुढे १९९० च्या दशकात कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून, ज्या शाळांची ग्रंथालये मनुष्यबळाने आणि संग्रहाने समृद्ध होती, तेथील विद्यार्थ्यांची वाचनातील प्रगती अधिक चांगली असल्याचे दिसून आले. ग्रंथपालाचे काम शिकवण्याचे आहे, या अनुभवसिद्ध मताला अशी पुष्टी मिळाली.

अहवालात आला, कायद्यात राहिला

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट उच्चार १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने केला. त्याचे अध्यक्ष डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू, म्हणजे रंगनाथन यांनी ज्या विद्यापीठाचे ग्रंथालय उभारले त्याच विद्यापीठाचे. शालेय ग्रंथालयांचे या आयोगाने रेखाटलेले चित्र अतिशय परखड आहे. जुनी, मुलांना न रुचणारी पुस्तके, ती कुलूपबंद कपाटांत, कपाटे अडगळीच्या खोलीत, आणि सारा कारभार एखाद्या लिपिकाच्या किंवा पुस्तकांविषयी आस्था नसलेल्या शिक्षकाच्या हाती जादा काम म्हणून. आयोगाने यावर उपाय सुचवला, तो प्रशिक्षित ग्रंथपालाचा, आणि त्याचा दर्जा शिक्षकाच्या तोडीचा असावा अशी अपेक्षा व्यक्त केली.

त्यानंतर कायदे झाले. म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ साली झाला. त्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद झाली आणि त्यामागे रंगनाथन यांच्या विचारांची प्रेरणा होती. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला. परंतु हे कायदे सार्वजनिक ग्रंथालयांचे होते. शाळेचे ग्रंथालय शिक्षण खात्याच्या अखत्यारीत राहिले आणि शिक्षण खात्याच्या दृष्टीने ते शिक्षणाच्या कडेला राहिले. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत विद्यार्थिसंख्येच्या हिशेबाने पूर्णवेळ आणि अर्धवेळ ग्रंथपालांची पदे निर्माण झाली, ही मोठीच जमेची बाजू. तथापि त्यांची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत झाली. केंद्रीय विद्यालयांनी ग्रंथपालाचे स्वतंत्र पद ठेवले. इतरत्र, विशेषतः लहान आणि अल्प उत्पन्नाच्या शाळांत, 'ग्रंथालय विभागप्रमुख' ही भाषेच्या शिक्षिकेकडे येणारी आणखी एक जबाबदारी ठरली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची आणि गोष्टींचीही पुस्तके असावीत, असे त्याच्या अनुसूचीत नमूद झाले. गोष्टीच्या पुस्तकाला कायद्यात स्थान मिळणे ही आनंदाची बाब होय. पण त्याच अनुसूचीत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांचा उल्लेख असताना, ग्रंथपालाचा मात्र नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वाचनसंस्कृतीवर भर दिला आहे. तरीही दैनंदिन व्यवहारात अनुदान येते ते प्रामुख्याने पुस्तकखरेदीचे. खरेदीची पावती दाखवता येते, कपाटाचे छायाचित्र काढता येते. एखाद्या मुलाला योग्य वेळी योग्य पुस्तक मिळाले, याची पावती कोणत्याही नस्तीत लावता येत नाही.

या शहराने पुन्हा दाखवलेली वाट

जेथे शासनाची नजर पोहोचली नाही, तेथे काही प्रयत्न समाजातून झाले, आणि त्यांतील बरेचसे बेंगळुरूतच घडले. अक्षरा फाउंडेशनने शहरातील सरकारी शाळांत ग्रंथालयाचा उपक्रम चालवला. कोरमंगल येथे २००३ साली सुरू झालेल्या हिप्पोकॅम्पस या बालग्रंथालयाच्या परिवारातून पुस्तकांची वाचनपातळी रंगांनी दर्शवण्याची पद्धत विकसित झाली. मुलाची वाचनक्षमता पाहून त्याला त्या रंगाचे पुस्तक द्यायचे आणि हळूहळू पुढच्या रंगाकडे न्यायचे, ही तिची साधी रीत. पण मुलाची पातळी ओळखणारा माणूस तेथे लागतोच.

प्रथम बुक्स ही संस्था २००४ साली बेंगळुरूतच स्थापन झाली. अल्प किमतीत अनेक भारतीय भाषांत मुलांची पुस्तके काढण्याचा वसा तिने घेतला, आणि त्यांत मराठीही आहे. २०१५ पासून तिच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत विनामूल्य वाचता येते, छापूनही घेता येते. २०२० साली कर्नाटकाच्या ग्रामपंचायत ग्रंथालयांनी 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा प्रकाश, या मोहिमेत मुलांना विनामूल्य सभासदत्व दिले. महासाथीमुळे शाळांची दारे बंद असताना अनेक खेड्यांत मुलांना पुस्तक मिळाले ते या ग्रंथालयांतून. गोव्यात २००५ पासून कार्यरत असलेल्या बुकवर्म संस्थेने 'पराग' या उपक्रमाच्या सहयोगाने ग्रंथालय-शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम चालवला. 'ग्रंथालय-शिक्षक' हा शब्दच अर्थपूर्ण आहे. १९२८ साली चिदंबरमच्या शिक्षकांपुढे जो विचार मांडला गेला, तोच या शब्दात पुन्हा अवतरला आहे.

परमुलखातील मराठी शाळा आणि तिचा ग्रंथपाल

महाराष्ट्रातील मुलाला मराठी पुस्तक शाळेत मिळाले नाही, तरी नाक्यावरच्या दुकानात, नगर वाचनालयात किंवा शेजाऱ्याच्या घरी मिळण्याची शक्यता असते. बेंगळुरूतील मराठी मुलाची स्थिती तशी नाही. शहाजीराजांच्या काळापासून या शहराशी मराठी माणसाचा संबंध आहे. पुढे सार्वजनिक उद्योगांतील नोकऱ्यांनी आणि त्यानंतर संगणकक्षेत्राने येथे मराठी कुटुंबे आणली. घरात मराठी बोलली जाते, रस्त्यावर कन्नड, कामाच्या ठिकाणी इंग्रजी. या तिन्हींच्या मध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर मराठी पडते. डोळ्यांसमोर मात्र ती क्वचित येते. बोलीपुरती उरलेली भाषा पुढच्या पिढीत स्वयंपाकघरापुरती उरते, आणि त्यापुढच्या पिढीत केवळ आडनावापुरती.

म्हणून या शहरातील मराठी शाळेचे ग्रंथालय ही चैन नाही. बहुतेक मुलांच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकाबाहेरची छापील मराठी भेटण्याचे ते एकमेव ठिकाण आहे. ज्या पिढीने येथे 'चांदोबा' वाचला, तिला ठाऊक असेल की १९५२ साली मराठीत सुरू झालेले हे मासिक मद्रासेहून निघत असे. मराठी मुलांचे लाडके मासिक तमिळ मुलखातून येत होते. १९७१ साली बालभारतीचे 'किशोर' सुरू झाले. असे अंक केवळ मागवून भागत नाही. ते आले की त्यांची पाने मुलांसमोर उघडावी लागतात, त्यातील कोडे फळ्यावर लिहावे लागते, मागील अंकांची बांधणी करून ती पुढच्या मुलांसाठी राखावी लागते. एवढे करणारे कोणी नसेल, तर अंक दोरीत बांधलेले तसेच राहतात.

अशा शाळेतील ग्रंथपालाला आणखी एक नाजूक जबाबदारी पेलावी लागते. त्याच्या फळीवर मराठीशेजारी कन्नड असावीच लागते. शिवराम कारंत यांनी मुलांसाठी सिद्ध केलेला 'बालप्रपंच' हा ज्ञानकोश आणि मराठीतील कुमार विश्वकोश एकाच फळीवर नांदले, तर मुलाला उमगते की ज्ञान एका भाषेची मिरास नाही. ज्या भूमीने आसरा दिला तिची भाषा मुलाने प्रेमाने वाचावी, आणि तसे करताना घरची भाषा हातून निसटू देऊ नये, हा समतोल उपदेशाने साधत नाही. तो साधतो एका हाती दिलेल्या दोन पुस्तकांनी. आणि कोणत्या मुलाच्या हाती कोणती दोन पुस्तके द्यावीत, हे ठरवायला त्या मुलाला ओळखणारा माणूस हवा.

उपसंहार

बडोद्याने पेटीबरोबर माणूसही तयार केला. रंगनाथन यांनी त्या माणसाच्या कामाला शास्त्र दिले आणि शिक्षकाचा मान दिला. मुदलियार आयोगाने तो मान कागदावर मान्य केला. त्यानंतरच्या काळात पुस्तके वाढत गेली आणि माणूस मागे पडला. या साऱ्या प्रवासाचे धागे बेंगळुरूपर्यंत येऊन पोहोचतात, हे या शहरातील शाळांचे भाग्य आहे, आणि त्यामुळेच त्यांच्यावरचे उत्तरदायित्वही अधिक आहे.

महोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या ऋणातून अंशतः मुक्त व्हावे, अशी इच्छा माजी विद्यार्थ्यांच्या मनात स्वाभाविकपणे येते. त्यातून पुस्तकांचे संच येतात, नावाची पाटी लावलेली कपाटे येतात. ती यावीतच. परंतु एखाद्या तुकडीने एकत्र येऊन प्रशिक्षित ग्रंथपालाच्या काही वर्षांच्या वेतनाचा भार उचलला, एखाद्या निवृत्त माजी विद्यार्थिनीने आठवड्यातून दोन दुपारी मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, पालकांनी सभेत परीक्षेच्या गुणांबरोबर आपल्या पाल्याने या महिन्यात कोणते पुस्तक घरी आणले याचीही चौकशी केली, तर ती देणगी कोणत्याही कपाटापेक्षा मोठी ठरेल.

कपाटाच्या दाराला कुलूप असते आणि कुलपाला किल्ली. ती किल्ली कार्यालयाच्या खणात असावी, की मुलाचे नाव, त्याची आवड आणि त्याची अडचण ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती असावी, एवढाच प्रश्न आहे. शाळेच्या पुढील वाटचालीत ती किल्ली योग्य हाती जावी आणि कालांतराने तिची गरजच उरू नये, यासारखी हीरक महोत्सवाची दुसरी सार्थकता नाही.